सेंटओएस ७ वर डिप्लॉय पुन्हा पुन्हा फसतंय? आधी एरर कोणत्या थरातला आहे ते शोधा

सेंटओएस ७ या लिनक्स सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टमचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. सपोर्ट संपला म्हणून सर्व्हर काही बंद पडत नाही, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. पतसंस्था, शाळा, छोटे कारखाने, दवाखाने अशा ठिकाणी हे सर्व्हर मला आजही सतत भेटतात. जुनं ॲप निमूट चालू असतं. नवं व्हर्जन टाकायला, म्हणजे डिप्लॉय करायला, गेलं की एरर येतो. तो कसाबसा सोडवावा, तर पुढच्या डिप्लॉयला दुसराच उभा. दर वेळी वाटतं की हा नवा प्रॉब्लेम आहे. बहुतेक वेळा तो जुनाच असतो, कारण सर्व्हरचा पाया २०१४ सालचा आहे आणि आपण त्यावर आजचं सामान रचतोय.

म्हणून एरर दिसला की नेटवर सापडेल ती कमांड चालवू नका. तो पॅकेज आणणाऱ्या यमचा आहे, सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात त्या जीलिबसी या मूळ लायब्ररीचा आहे, सर्टिफिकेट तपासणाऱ्या ओपनएसएसएलचा आहे, डेटाबेसचा आहे की वेब सर्व्हरचा, हे आधी ठरवा. ते न ठरवता केलेली दुरुस्ती म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सुरुवातीला व्हर्जन लिहून काढा. सेंटओएस ७ वर कुणी मुद्दाम काही बदललं नसेल तर जीलिबसी २.१७, ओपनएसएसएल १.०.२के, गिट १.८.३.१, जीसीसी ४.८.५, पीएचपी ५.४, मारियाडीबी ५.५ आणि कर्नल ३.१० सापडेल. जीलिबसीचं व्हर्जन एलडीडी या कमांडला विचारता येतं. ही यादी डिप्लॉयच्या नोंदवहीत कायमची ठेवा, कारण पुढचा प्रत्येक एरर हिच्याशी ताडून बघायचा आहे. (कमांड, फाइली आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करा.)

यम काहीच आणत नाही

डिप्लॉय स्क्रिप्ट एखादं पॅकेज बसवायला जाते आणि 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट: मिररलिस्ट.सेंटओएस.ऑर्ग' म्हणून थांबते. पाठोपाठ 'कॅनॉट फाइंड अ व्हॅलिड बेसयूआरएल फॉर रेपो' येतं. बरेच जण इथे डीएनएस आणि फायरवॉल तपासत बसतात. पण नेटवर्क ठीक असतं, मिररची यादी देणारा पत्ताच सपोर्टबरोबर बंद झाला आहे. जुनी पॅकेजेस आता व्हॉल्ट.सेंटओएस.ऑर्गवर असतात.

/ईटीसी/यम.रेपोज.डी मधल्या सेंटओएस-बेस.रेपो फाइलची आधी कॉपी काढा. मग मिररलिस्टने सुरू होणाऱ्या ओळींपुढे हॅश लावा, बेसयूआरएलच्या ओळींपुढचा हॅश काढा आणि पत्त्यातल्या 'मिरर'च्या जागी 'व्हॉल्ट' लिहा. यम क्लीन ऑल चालवून पुन्हा प्रयत्न करा. एपेल हा जादा पॅकेजेसचा साठा वापरत असाल तर त्याचीही ७ ची पॅकेजेस फेडोराच्या आर्काइव्हवर गेली आहेत, तो पत्ता वेगळा द्यावा लागतो.

हे करताना पॅकेजवरची सही तपासणारी जीपीजीचेक ही सेटिंग शून्यावर नेऊ नका. नेटवरच्या अनेक उत्तरांत तो सल्ला असतो. व्हॉल्टशी हा संवाद साध्या एचटीटीपीवर होतो, त्यामुळे वाटेत कुणी पॅकेज बदललं नाही याची खात्री देणारी सही एवढी एकच गोष्ट तुमच्या हातात उरते. आणि व्हॉल्ट म्हणजे गोदाम. तिथे जे आहे ते तसंच राहणार, नवे सुरक्षा पॅच येणार नाहीत.

'जीलिबसी २.२८ नॉट फाउंड'

सगळ्यात जास्त वेळ खाणारा एरर हा. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचं १८ किंवा त्यापुढचं व्हर्जन टाकलं की टर्मिनलवर असं दिसतं:

नोड: /लिब६४/लिबएम.एसओ.६: व्हर्जन 'जीलिबसी_२.२७' नॉट फाउंड (रिक्वायर्ड बाय नोड)
नोड: /लिब६४/लिबसी.एसओ.६: व्हर्जन 'जीलिबसी_२.२८' नॉट फाउंड (रिक्वायर्ड बाय नोड)

या ओळी सावकाश वाचा, उत्तर त्यांच्यातच आहे. डावीकडचा मार्ग सांगतो की सर्व्हरची कोणती फाइल कमी पडली. मधल्या आकड्यांपैकी सगळ्यात मोठा आकडा म्हणजे तुमची खरी गरज. आणि कंसातलं 'रिक्वायर्ड बाय' सर्वांत महत्त्वाचं, कारण ते मागणी कुणाची आहे हे सांगतं. तिथे 'नोड' असेल तर नोडचं बिल्डच या सर्व्हरसाठी नाही. पण तिथे नोड_मॉड्यूल्सच्या पोटातली एखादी .नोड फाइल दिसली तर नोड निर्दोष आहे. कुणीतरी आपल्या नव्या लॅपटॉपवर एनपीएम इन्स्टॉल करून अख्खं फोल्डर सर्व्हरवर कॉपी केलं आहे. पासवर्ड हॅश करणाऱ्या आणि फोटो लहान करणाऱ्या मॉड्यूलांत हे नेहमी होतं, कारण त्यांच्यात सी किंवा सी++ मधला कंपाइल केलेला भाग असतो.

जीलिबसी २.१७ ही डिसेंबर २०१२ ची, तर २.२८ ऑगस्ट २०१८ ची. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या नोड १८ च्या अधिकृत बिल्डला २.२८ लागते. त्याआधीचं नोड १६ इथे चालतं, पण त्याचा सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. व्हीएस कोड या एडिटरने रिमोट जोडणी अचानक बंद झाली असेल तर तेही याच कारणाने. त्याच्या जानेवारी २०२४ च्या व्हर्जनने २.२८ ची अट आणली, आणि मार्च २०२५ च्या व्हर्जनपासून ती पक्की झाली.

मग जीलिबसीच अपग्रेड करू, असं कुणाच्याही मनात येतं. कृपा करून करू नका. बॅश, एलएस, यम, एसएसएच, या मशीनवरचा जवळपास प्रत्येक प्रोग्राम त्या एका लायब्ररीवर उभा आहे. /लिब६४ मधली फाइल किंवा तिची लिंक बदलली की पुढची कमांडच सुरू होत नाही, म्हणजे केलेलं उलटवायलाही काही हाताशी राहत नाही. उघडं असलेलं एसएसएचचं सेशन बंद झालं की दुसरं मिळेल याची खात्री नाही. मशीन दुसऱ्या गावात असेल तर रेस्क्यू डिस्क घेऊन कुणाला तरी जावं लागतं. नवी जीलिबसी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून एलडी_लायब्ररी_पाथ प्रोफाइलमध्ये लिहिणं हाही याचाच भाऊ. लोडर एका व्हर्जनचा आणि लायब्ररी दुसऱ्या व्हर्जनची झाली की साध्या कमांडही सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतात.

सुरक्षित वाटा तीन आहेत. नोड प्रकल्पाच्याच अनऑफिशियल बिल्ड्स विभागात जीलिबसी-२१७ नावाची बिल्ड मिळतात, ती इथे चालतात. तातडीच्या वेळी मी हीच वाट धरतो. दुसरी वाट म्हणजे बिल्ड दुसरीकडे करायचं, पण त्याच वयाच्या जीलिबसीवर. जुन्या जीलिबसीवर तयार झालेलं नव्यावर चालतं, उलट होत नाही. म्हणून सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत) सेंटओएस ७ चा कंटेनर, म्हणजे बंदिस्त छोटी सिस्टम, उघडा, मॉड्यूल तिथे कंपाइल करा आणि तयार फोल्डर सर्व्हरवर न्या. सर्व्हरवर कंपायलर बसवायची गरजच राहत नाही. ही सवय पुढे नव्या सर्व्हरवरही कामाला येते.

तिसरी वाट कंटेनर चालवणाऱ्या डॉकरची. कंटेनरची जीलिबसी त्याची स्वतःची असते, त्यामुळे हा एरर मुळातून जातो. कर्नल मात्र यजमानाचा, म्हणजे ३.१० च. आणि डॉकरच जुना असेल तर नवी अडचण येते. उबुंटू २२.०४ सारख्या नव्या इमेजमध्ये 'ऑपरेशन नॉट परमिटेड' किंवा 'कान्ट स्टार्ट न्यू थ्रेड' असे विचित्र एरर दिसतात. नवी जीलिबसी क्लोन३ नावाचा सिस्टम कॉल वापरते आणि जुन्या डॉकरचा सुरक्षा फिल्टर तो अडवतो. डॉकर २०.१०.१० किंवा त्यापुढचा करा. कंटेनर प्रिव्हिलेज्ड करून एरर घालवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

पायथनवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं दिसतं. पिपने पॅकेजेस बसवताना क्रिप्टोग्राफी पॅकेजपाशी 'कान्ट फाइंड रस्ट कंपायलर' येतं आणि लोक सर्व्हरवर रस्ट बसवायला घेतात. सहसा त्याची गरज नसते. तयार व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, उपलब्ध असतं, जुन्या पिपला ते ओळखता येत नाही एवढंच. जीलिबसी २.१७ साठीचं मॅनीलिनक्स२०१४ हे लेबल पिप १९.३ पासून कळतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये आधी पिप अपग्रेड करा, मग बाकीचं. पायथन ३.६ वर असाल तर २१.३.१ हे शेवटचं पिप, आणि तेवढं पुरतं. एखाद्या पॅकेजने व्हील फक्त मॅनीलिनक्स_२_२८ साठीच काढलं असेल तर मात्र त्याचं आधीचं व्हर्जन रिक्वायरमेंट्समध्ये पक्कं करावं लागतं.

ब्राउझरमध्ये साइट उघडते, ॲप म्हणतं सर्टिफिकेट खराब आहे

पेमेंट किंवा एसएमएसचा एपीआय कॉल होतो आणि 'सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड', 'सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड' किंवा 'अनएबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट' येतं. आधी घड्याळ बघा. जुन्या मशीनची सीमॉस बॅटरी संपलेली असते, वीज गेली की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मग सगळीच सर्टिफिकेट अवैध ठरतात. घड्याळ जुळवणारी क्रोनी ही सर्व्हिस चालू आहे ना, ते तपासा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी घड्याळ जुळवणं आणि लॉग १८० दिवस जपणं सांगितलं आहे. डिस्क भरली म्हणून लॉग उडवण्याआधी तेही लक्षात असू द्या.

घड्याळ बरोबर असेल तर विश्वासाची यादी कोण कुठून घेतं ते बघा. लोक नेमके इथे चकतात. कर्ल या कमांडने तोच पत्ता उघडतो, म्हणून सर्व्हर ठीक आहे असं मानलं जातं. पण सेंटओएस ७ चं कर्ल ओपनएसएसएल वापरतच नाही, ते एनएसएस ही वेगळी लायब्ररी वापरतं. पायथनचं रिक्वेस्ट्स पॅकेज सर्टिफाय नावाच्या पॅकेजमधली यादी वाचतं. नोड आपली यादी आणि आपलं ओपनएसएसएल पोटातच घेऊन फिरतं. कर्ल चाललं म्हणजे ॲप चालेल असं अजिबात नाही. तपासणी त्याच भाषेतून, त्याच युजरने करा. मग उपाय आपोआप ठरतो: सिस्टमसाठी सीए-सर्टिफिकेट्स पॅकेज, पायथनसाठी सर्टिफाय, नोडसाठी नवं व्हर्जन किंवा जादा सर्टिफिकेटची फाइल दाखवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल.

३० सप्टेंबर २०२१ ला मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं डीएसटी रूट सीए एक्स३ हे जुनं रूट (मुळाचं सर्टिफिकेट) संपलं, तेव्हा ओपनएसएसएल १.०.२ वापरणारी कितीतरी ॲप्स अडखळली. नवं रूट यादीत असूनही ते व्हर्जन संपलेल्या रूटच्या वाटेनेच जायचं. त्या घाईत अनेकांनी सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून टाकली, आणि त्या ओळी आजही कोडमध्ये आहेत. आजच शोधा: पायथनमध्ये 'व्हेरिफाय इक्वल्स फॉल्स', पीएचपीत 'एसएसएल_व्हेरिफायपीअर' फॉल्स, नोडमध्ये 'टीएलएस_रिजेक्ट_अनऑथराइज्ड' शून्य. सापडल्या तर काढा. त्या ओळी असताना वाटेतला कुणीही पेमेंट गेटवे असल्याची बतावणी करू शकतो. तुमच्या ग्राहकांचे पैसे त्या वाटेने जातात, या बाबतीत तडजोड नको.

'हँडशेक फेल्युअर' किंवा 'प्रोटोकॉल व्हर्जन' येत असेल तर सर्टिफिकेटला हात लावू नका. समोरच्याने सुरक्षित जोडणीसाठी फक्त टीएलएस १.३ ठेवलं असावं, आणि ओपनएसएसएल १.०.२ ला ते येत नाही. पायथनमध्ये 'यूआरएललिब३ ओन्ली सपोर्ट्स ओपनएसएसएल १.१.१' दिसलं तर यूआरएललिब३ हे पॅकेज व्हर्जन २ च्या खाली पक्कं करा.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

नवं व्हर्जन चढतं, लॉगिन होतं, सगळे खूश. मग कुणीतरी नवा सभासद नोंदवतं आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. मारियाडीबी ५.५ या डेटाबेसचा मूळ कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन१ असतो. टेबल किंवा कनेक्शन दोन्हींपैकी एक जरी लॅटिन१ वर राहिलं तरी देवनागरी बिघडते, आणि ती दोन तऱ्हांनी बिघडते.

प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर साठवतानाच गेला. डेटाबेसमध्ये खरोखर प्रश्नचिन्हच लिहिलं गेलं आहे, कुठल्याही कन्व्हर्जनने नाव परत येणार नाही, मूळ फॉर्म काढून पुन्हा भरावा लागेल. पण डोक्यावर तिरपी रेघ असलेलं लॅटिन 'ए' आणि त्याच्या मागे चित्रविचित्र चिन्हं, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर धीर धरा. बाइट जागेवर आहेत, फक्त चुकीच्या नावाने वाचले जात आहेत, आणि ते सोडवता येतं. म्हणूनच हे दिसताच पहिलं काम म्हणजे ॲपमधली नोंदणी थांबवणं. दुसरं काम डंप, म्हणजे डेटाची पूर्ण प्रत, घेणं. टेबलचा कॅरॅक्टर सेट बदलणं त्यानंतर. बाइट यूटीएफ८ चे आणि लेबल लॅटिन१ चं असताना थेट कन्व्हर्ट चालवलं तर मजकुराचं दुहेरी एन्कोडिंग होतं आणि सोपं काम अवघड होऊन बसतं. तो कॉलम आधी बायनरी प्रकारात न्यायचा आणि तिथून यूटीएफ८एमबी४ मध्ये. कॉपीवर करून बघा, मग खऱ्यावर.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ८ मध्ये तीन बाइट घेतं, त्यामुळे जुन्या तीन बाइटांच्या 'यूटीएफ८' मध्येही मराठी बसतं. इमोजीला चार लागतात. लारावेलसारखी पीएचपीची फ्रेमवर्क आता चार बाइटांचंच मानून चालतात आणि मायग्रेशन (टेबलं बनवणारी स्क्रिप्ट) 'स्पेसिफाइड की वॉज टू लाँग, मॅक्स की लेंग्थ इज ७६७ बाइट्स' म्हणून पडतं. २५५ अक्षरं गुणिले ४ म्हणजे १०२०, मर्यादा ७६७. इंडेक्सच्या कॉलमची लांबी १९१ केली की ७६४ होतात आणि मायग्रेशन जातं.

पायथन ३.६ मध्ये 'ॲस्की कोडेक कान्ट एन्कोड' आलं तर डेटाबेसला दोष देऊ नका. प्रक्रिया 'सी' लोकेलवर, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं मानणाऱ्या सेटिंगवर, चालू आहे. क्रॉनमधून किंवा सर्व्हिसमधून चालवताना लँग हे व्हेरिएबल यूटीएफ-८ ला स्पष्टपणे बांधा. पायथन ३.७ पासून ही अडचण बरीचशी गेली.

५०२, आणि तेरा नंबर

ॲप चालू आहे असं वाटतं, पण एनजिनएक्स हे वेब सर्व्हर ५०२ देतं, म्हणजे ॲपकडून त्याला उत्तर मिळत नाही. त्याच्या एरर लॉगमध्ये कंसातला आकडा बघा. १११ असेल तर पलीकडे कुणी ऐकतच नाही, ॲप पडलंय किंवा पोर्ट चुकलंय. १३ असेल तर परवानगी नाकारली आहे, आणि लोकलच्या पोर्टवर ती नाकारणारा बहुधा एसईलिनक्स हा लिनक्समधला सुरक्षा पहारा असतो. एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट हा बूलियन कायमचा चालू करा. फाइली होम फोल्डरमधून एमव्हीने हलवल्या असतील तर त्यांची जुनी लेबलं बरोबर येतात आणि ४०३ मिळतो, त्यावर रीस्टोअरकॉन पुरतं. एसईलिनक्स सरसकट बंद करू नका. पॅच न मिळणाऱ्या सर्व्हरवर उरलेल्या मोजक्या संरक्षणांपैकी ते एक आहे.

कोडची व्हर्जनं सांभाळणाऱ्या गिटबद्दल थोडक्यात. 'अननोन ऑप्शन: -सी' आलं तर डिप्लॉय टूल मोठ्या सीचा पर्याय वापरतंय, जो गिट १.८.५ मध्ये आला. गिट नवं करा, किंवा सर्व्हरवर गिट न चालवता तयार बिल्डच पाठवा. मला दुसरं जास्त पटतं.

सर्व्हर बदलताना

वरचे सगळे उपाय तुम्हाला काही महिने देतात. ते महिने नवा सर्व्हर उभा करण्यात घालवा. सेंटओएसची जागा घेणाऱ्या अल्मालिनक्सच्या एलिव्हेट प्रकल्पातून ७ चं जागच्या जागी ८ करता येतं, पण जुन्या फिजिकल मशीनवर मी ते टाळतो. आरएचईएल (अल्मा ज्यावर बेतलेलं आहे ते रेड हॅटचं लिनक्स) ८ च्या पिढीने अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या बऱ्याच जुन्या रेड कंट्रोलरचे ड्रायव्हर काढून टाकले आहेत, आणि अपग्रेडनंतर डिस्कच दिसली नाही तर पूर्ण संस्थेचं काम थांबतं. शेजारी नवी मशीन किंवा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) उभी करा, तिथे ॲप चालवा, डंप नेताना कॅरॅक्टर सेट स्पष्ट लिहा, आणि दोन्हींवर काही मराठी नावं समोरासमोर ठेवून तपासा.

अल्मा किंवा तिच्यासारखंच रॉकी लिनक्स ९ घेत असाल तर आधी प्रोसेसर बघा. त्या पिढीला एक्स८६-६४-व्ही२ दर्जाचा प्रोसेसर लागतो. नाहीतर 'फेटल जीलिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट' येऊन मशीन सुरूच होत नाही. व्हीएममध्ये प्रोसेसर चांगला असूनही हे होतं, कारण सेटिंगमध्ये सीपीयूचा प्रकार केव्हीएम६४ राहिलेला असतो. तो 'होस्ट' करा.

आणि एक गोष्ट हमखास अडवते. नव्या सर्व्हरवरून जुन्या डेटाबेस सर्व्हरशी जोडणी होत नाही. ८ पासून टीएलएस १.० आणि १.१ मूळ धोरणातच बंद आहेत, आणि तो डेटाबेस तेवढंच बोलतो. ८ वर क्रिप्टो पॉलिसी (कोणतं टीएलएस चालेल हे ठरवणारी सेटिंग) काही दिवस लेगसी करून काम पुढे नेता येतं, ९ वर तीही सोय नाही. म्हणून स्थलांतराची तारीख ठरवण्याआधी नव्या मशीनवरून प्रत्येक जोडणी तपासा: डेटाबेस, मेल, एसएमएस, पेमेंट, बॅकअपचा सर्व्हर. सगळ्या लागल्या की डीएनएस फिरवा, आणि जुन्या मशीनचे बाहेरचे सगळे पोर्ट त्याच दिवशी बंद करा.